पाठीवरचं मूल

१८९७ चा मार्च महिना. पुण्याच्या पूर्वेला मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा तापानं फणफणला होता. गाठ आली होती. त्या दिवसांत गाठ आली की शेजारी दार लावून घेत, नातेवाईक गाव सोडत आणि सरकारी माणसं येण्याआधी घरातलेच लोक रुग्णाला लपवून ठेवत. अशा वस्तीत ६६ वर्षांची एक विधवा बाई आली. तिनं त्या मुलाला पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळच्या मळ्यात मुलानं उघडलेल्या दवाखान्याची वाट धरली.

काही दिवसांतच तिला स्वतःला ताप आला. १० मार्च १८९७ रोजी ती गेली.

ही बाई म्हणजे सावित्रीबाई फुले. महाराष्ट्रात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ३ जानेवारीला शाळाशाळांतून त्यांची जयंती साजरी होते, फोटोला हार पडतो, मुली नऊवारी नेसून भाषणं करतात. भिडे वाड्यातली शाळा, अंगावर फेकलेलं शेण, पिशवीत ठेवलेली दुसरी साडी, हे सारं पाठ असतं. भाषण संपता संपता एखादं वाक्य येतं, 'प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांचं निधन झालं.' आणि टाळ्या पडतात.

त्या शेवटच्या वाक्यामागे मात्र किमान ३४ वर्षांचं काम आहे. बाळंतिणींची शुश्रूषा, नवजात बाळांचं संगोपन, दुष्काळातल्या पोरक्या मुलांचं पोट, अर्धांगवायूनं लुळ्या पडलेल्या नवऱ्याची सेवा आणि सरतेशेवटी साथीच्या रोगाचा दवाखाना. ज्या कामाला आज आपण 'नर्सिंग' म्हणतो ते सावित्रीबाईंनी आयुष्यभर केलं. त्यांच्याकडे ना त्याचं प्रमाणपत्र होतं, ना गणवेश, ना पगार.

सेवेचा पहिला धडा

जोतीराव वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांची आई चिमणाबाई गेली. त्यांना वाढवलं ते सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बालविधवा बाईनं. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलांचा सांभाळ करायच्या. परक्याची, जातीबाहेरची, कुणाचीच नसलेली मुलंही आपल्या हातानं न्हाऊ-खाऊ घालायची असतात, हे त्या घरात रोजच्या जगण्याचा भाग होतं. १८४० मध्ये नऊ वर्षांच्या सावित्रीबाई नायगावहून लग्न होऊन आल्या त्या अशा घरात. पुढे सगुणाबाई त्यांच्याबरोबर शिकल्या आणि शिकवायलाही उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना अक्षरओळखीबरोबरच या दुसऱ्या ओळखीचीही दखल घ्यायला हवी.

त्याच सुमारास युरोपात क्रिमियाचं युद्ध पेटलं. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी गेल्या आणि १८६० मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावानं परिचारिकांची शाळा सुरू झाली. शुश्रूषा म्हणजे मोलकरणीचं काम नसून शिकण्याची विद्या आहे, ही कल्पना तिथंही तेव्हा नवीनच होती. आपल्याकडे तर बाळंतपण सुईणीकडे, दुखणं वैद्याकडे आणि बाकी सारं घरातल्या बाईकडे, अशी वाटणी होती. जिला घरच नाही, त्या बाईचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

गंज पेठेतलं घर

तो प्रश्न एका खटल्यानं पुढे आला. फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. कुणीतरी तिला फसवलं. दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले आणि मूल जन्माला आलं. बदनामीच्या भीतीनं तिनं त्या अर्भकाला मारलं. तिच्यावर खटला चालला आणि जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणाऱ्याला काहीच झालं नाही.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी इथं येऊन गुप्तपणे, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांनीच ठरवावं, अशा अर्थाच्या जाहिराती शहरात लागल्या. येणाऱ्या बाईची जात विचारायची नाही आणि तिचं नाव फोडायचं नाही, असं त्या घराचं वागणं होतं. रुग्णाची गोपनीयता हे आज वैद्यकीय नीतीतलं महत्त्वाचं तत्त्व मानलं जातं. इथं ते पाळलं नसतं तर एकही बाई आली नसती.

या घराविषयी जोतीरावांनी १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारी यांच्या विधवाविषयक टिपणावर मत देताना, एक आकडा लिहून ठेवला आहे. तोवर सुमारे ३५ विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यातली पाचच मुलं जगली. बाकीच्या मुलांच्या मृत्यूचं कारणही ते नोंदवतात. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधं घेतली होती, त्यांनी पोटातच त्या मुलांना इजा झाली होती.

हा आकडा थांबून वाचायला हवा. ३५ पैकी ५. म्हणजे सावित्रीबाईंच्या हातांनी बाळंतिणींना सांभाळलं, नाळ कापल्यापासूनची बाळं पाहिली आणि त्यातली बहुतेक बाळं गेलेलीही पाहिली. कमी दिवसांचं, कमी वजनाचं, विषाचा मार खाल्लेलं बाळ आज जन्माला आलं तर त्याला वॉर्मरखाली ठेवतात. अशा बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, म्हणून सगळ्यात आधी ऊब द्यावी लागते. मग श्वास, मग साखर, मग संसर्ग. दूध ओढण्याची ताकद नसेल तर नळीनं दूध देतात. १८६३ मध्ये यातलं काहीच नव्हतं. जंतूंमुळे रोग होतात ही कल्पनाही युरोपातल्या प्रयोगशाळांत नुकती आकार घेत होती. गंज पेठेतल्या त्या घरात होती ती एवढीच साधनं, चूल, गरम पाणी, धडुती आणि रात्रभर जागणारी माणसं.

तरीही घर बंद झालं नाही. तीस मुलं गेल्यावरही एकतिसाव्या बाईसाठी दार उघडायचं, हे धैर्य भाषणात सांगायला अवघड आहे. प्रसूतिगृहात काम केलेल्या कुठल्याही नर्सला मात्र ते सांगावं लागणार नाही.

यशवंताची आई

सावित्रीबाईंना स्वतःचं मूल झालं नाही. याच गृहात काशीबाई नावाचीच दुसरी एक विधवा बाळंत झाली आणि तिचा मुलगा फुले दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. ज्या मुलाला समाजानं जन्मण्याआधीच नाकारलं होतं, त्याला त्यांनी शिकवून डॉक्टर केलं. दुसऱ्यांच्या बाळांची ऊब राखणाऱ्या बाईच्या घरात वाढलेला मुलगा रोग्याची नाडी धरायला शिकला, याचं फार आश्चर्य वाटायला नको.

यशवंत लहान असतानाच, १८७६-७७ मध्ये, दख्खनवर भीषण दुष्काळ आला. माणसं गावं सोडून शहराकडे निघाली, मुलं वाटेतच पोरकी झाली. सत्यशोधक समाजानं अन्नछत्रं चालवली आणि धनकवडीला अशा मुलांसाठी बालाश्रम उघडला. जुन्नर, ओतूर भागात सावित्रीबाई स्वतः फिरल्या.

उपाशी मुलाला जेवू घालणं ऐकायला सोपं वाटतं. वैद्यकशास्त्र आज सांगतं की, फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपेट खायला घातलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून तीव्र कुपोषित मुलाला थोडं थोडं, वारंवार आणि लक्ष ठेवून खायला द्यावं लागतं. हे शास्त्र विसाव्या शतकात, महायुद्धातल्या उपासमारीनंतर नीट समजलं. त्याआधी अन्नछत्रातली माणसं अनुभवानं शिकत होती. चुकतही असणार. पण मुलाचं तोंड, पोट, पाय पाहून त्याला किती आणि काय द्यायचं हे ठरवणारी नजर तिथंच घडते.

उजवी बाजू लुळी पडली तेव्हा

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांना 'महात्मा' ही पदवी मिळाली. पुढे दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्यांचे जुने स्नेही आणि डॉक्टर उपचार करत होते. घरात पैशाची ओढाताण होती. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली होती.

मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की उजवा हात, उजवा पाय जातो, अनेकदा वाचाही अडखळते. आज झटका आल्यानंतर पहिल्या साडेचार तासांत रुग्णालय गाठलं तर रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध काही रुग्णांना देता येतं. १८८८ मध्ये जे होतं ते एवढंच की, रुग्णाला सांभाळायचं आणि वाट पाहायची.

हे सांभाळणं काय असतं ते ज्या घरानं केलंय त्यालाच कळतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास गिळताना ठसका लागू नये म्हणून उठवून बसवायचं. लुळा हात रोज हलवायचा, नाहीतर सांधे आखडतात. अंगाखालचे कपडे बदलायचे. आणि जो माणूस कालपर्यंत सभा गाजवत होता तो आज पाणी मागायलाही दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याचं मन सांभाळायचं. औषधाच्या चिठ्ठीवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

जोतीरावांनी त्या अवस्थेत डाव्या हातानं लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केलं. ते त्यांच्या पश्चात, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी सरावानं उरलेला भाग नवी कामं शिकतो, हे आजच्या पुनर्वसनशास्त्राचं मूळ सूत्र आहे. मात्र असा सराव एकट्यानं होत नाही. झटक्यानंतर माणूस किती सावरतो हे त्याच्या आजूबाजूला कोण आहे यावरही ठरतं. जोतीरावांच्या आजूबाजूला सावित्रीबाई होत्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला, दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं धरलं. नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला. अडीच वर्षं ज्या हातांनी रुग्णाला उचललं, वळवलं, भरवलं, त्याच हातांनी निरोप दिला. त्या काळात हे बंड होतं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर शुश्रूषेचं ते शेवटचं काम होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला करू द्यायला त्या तयार नव्हत्या.

गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांना सापडला होता. व्लादिमिर हाफकिन मुंबईत येऊन लस तयार करत होते आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. जंतू कळला होता, लस येऊ घातली होती. पण तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

त्यामुळे उपाय म्हणजे अंधारात मारलेल्या काठ्या होत्या. घरांना चुना फासायचा, कार्बोलिक ॲसिड शिंपडायचं, जमीन उकरायची, कपडे-अंथरुणं जाळायची, रुग्णाला एका छावणीत आणि घरच्यांना दुसऱ्या छावणीत न्यायचं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चच्या मध्यापासून रँडच्या प्लेग समितीनं गोऱ्या सोजिरांकरवी पुण्यात घरझडत्या सुरू केल्या, आणि त्यातून पुढे जूनमध्ये काय घडलं हे इतिहासात आहेच. लोकांच्या मनात रोगाइतकीच भीती दवाखान्याची बसली. रुग्ण माळ्यावर, कोठीत, शेतात लपवले जाऊ लागले. लपवलेल्या रुग्णाला उपचार मिळत नव्हते आणि साथ मात्र पसरत होती.

या दोन भीतींच्या मधोमध सावित्रीबाईंनी आपला दवाखाना उभा केला. यशवंत तेव्हा सैन्यात डॉक्टर होते. आईनं बोलावलं म्हणून ते रजा घेऊन आले. हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, शहराच्या दाटीपासून दूर, मोकळ्या हवेत त्यांनी रुग्ण ठेवायला सुरुवात केली. मुलगा औषधोपचार बघत होता. आई वस्त्यांवर जाऊन रुग्ण शोधत होती, त्यांना घेऊन येत होती, त्यांच्या उशाशी बसत होती. सोजीर येऊन ओढून नेतात तो दवाखाना वेगळा आणि ओळखीची म्हातारी येऊन 'चल बाळा' म्हणून नेते तो दवाखाना वेगळा. साथीत लोक सरकारवर विश्वास ठेवतात की नाही, हे बहुधा त्यांच्या दारात कोण उभं आहे यावर ठरतं. कोविडच्या काळात हे पुन्हा एकदा सगळ्यांनी पाहिलं.

मुंढव्याच्या त्या मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं ते याच कामाचा भाग म्हणून. महारवाड्यातल्या मुलाला शिवायचं नाही, हा त्या काळचा एक नियम. प्लेगच्या रुग्णाला शिवायचं नाही, हा दुसरा. पहिला नियम त्यांनी अर्धशतकापूर्वीच मोडला होता. दुसरा त्या दिवसांत रोज मोडत होत्या.

एका वर्षानं आलेलं उत्तर

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की, प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. प्लेगनं उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं, पिसवा त्याला सोडतात आणि नवं ऊबदार अंग शोधतात. ते माणसाचंही असू शकतं. सुरुवातीला सिमाँवर अनेकांचा विश्वास बसला नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईतल्या संशोधनानं त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं.

यातून एक गोष्ट उलगडली. गाठीच्या प्लेगचा रुग्ण नुसता शिवल्यानं सहसा दुसऱ्याला रोग होत नाही. धोका असतो तो रुग्णाच्या घरातल्या, कपड्यांतल्या, अंथरुणातल्या पिसवांचा. हाच रोग फुप्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातल्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातो आणि उपचार न मिळाल्यास जवळपास हमखास मारतो. १९१०-११ मध्ये मांचुरियात असा फुप्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस-जाळीचा मुखपट्टा वापरायला लावला. आपल्या सगळ्यांच्या तोंडावर २०२० मध्ये आलेल्या मास्कच्या पूर्वजांपैकी तो एक.

विसाव्या शतकाच्या मध्यास स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि प्लेग बरा होऊ लागला. त्याआधी भारतात या साथीनं एक कोटीहून अधिक माणसं नेली होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतमध्ये हाहाकार उडाला. पण या वेळी प्रतिजैविकं हाताशी होती आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. आज वेळेत निदान झालं तर प्लेगचा रुग्ण काही दिवसांच्या साध्या गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होतो.

म्हणजे सावित्रीबाईंचा मृत्यू ज्या रोगानं झाला तो आज टाळता येतो आणि बराही होतो. त्यांच्याजवळ नव्हतं ते धैर्य नव्हे. त्यांच्याजवळ माहिती नव्हती, हातमोजे नव्हते, पिसवा मारण्याचं साधन नव्हतं, औषध नव्हतं. ती सारी त्यांच्या काळाची उणीव होती. ती भरून निघेपर्यंत जे कुणी रुग्णाजवळ जात होतं ते जीव पणाला लावून जात होतं. डॉ. यशवंतांचा मृत्यूही काही वर्षांनी प्लेगच्याच साथीत झाला.

भंडाऱ्याच्या उपकेंद्रापर्यंत

हा सारा इतिहास पुण्याचा असला तरी त्याचा आजचा पत्ता राज्यातल्या प्रत्येक उपकेंद्राचा आहे. भंडारा जिल्ह्याचंच पाहा. वैनगंगेच्या काठची भातशेती, तलाव, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, मोहाडी, लाखनी, कुठल्याही तालुक्यात आजारपणाची पहिली खबर जाते ती गावच्या आशाताईकडे आणि उपकेंद्रातल्या सिस्टरकडे. साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा शासकीय निकष आहे. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, कुष्ठरोगाच्या चट्ट्याची तपासणी, तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना, कुपोषित मुलाचं वजन ही सारी कामं त्या एका टेबलावर येतात. सावित्रीबाईंनी आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर केलेली जवळपास सगळी कामं आज एका एएनएमच्या एका आठवड्यात मावतात. संध्याकाळी घरी गेल्यावर ती कुणाची तरी बायको असते, कुणाची आई असते आणि बहुतेक घरांत म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची नर्सही तीच असते.

याच जिल्ह्यानं ९ जानेवारी २०२१ ची रात्रही पाहिली आहे. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विशेष कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. ज्या बाळांना ऊब मिळावी, श्वास मिळावा म्हणून तो कक्ष उभा केला होता, तिथं ती आगीत आणि धुरात दगावली. ज्या आयांनी प्रसूतीनंतर बाळाला धड मांडीवरही घेतलं नव्हतं, त्यांच्या दुःखाला आजही शब्द नाहीत.

गंज पेठेतल्या घरात ३५ पैकी पाचच बाळं वाचली, तिथं वॉर्मर, प्राणवायू, औषधं नव्हती. भंडाऱ्यात ती सगळी साधनं होती, पण साधनांना सुरक्षित ठेवणारी व्यवस्था कमी पडली. दोन्ही ठिकाणचा धडा सारखाच आहे. शुश्रूषेला निष्ठा लागतेच, पण निष्ठा व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. आगीची सूचना देणारं यंत्र, तपासलेलं वायरिंग, एका नर्सकडे किती रुग्ण असावेत याचा पाळलेला निकष, संसर्गाच्या वॉर्डात पुरेसे मास्क आणि हातमोजे, रात्रपाळीत बसायला एक खुर्ची, या गोष्टी भाषणात येत नाहीत. रुग्ण आणि नर्स दोघेही वाचतात ते मात्र याच गोष्टींमुळे.

आपल्याकडे परिचारिकेला देवी म्हणण्याची पद्धत आहे. १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, मेणबत्त्या लागतात, गुलाब दिले जातात. कोविडमध्ये थाळ्याही वाजल्या. देवी म्हटलं की एक सोय होते. देवीला पगार वेळेवर लागत नाही, सुट्टी लागत नाही, तिला रोग होत नाही. सावित्रीबाईंचं स्मरण करताना हा मोह टाळायला हवा. त्या देवी नव्हत्या. त्या माणूस होत्या, म्हणूनच त्यांना प्लेग झाला.

त्यांची आठवण जपायची तर ती दोन तारखांना जपायला हवी. ३ जानेवारीला शाळेत आणि १० मार्चला दवाखान्यात. त्या दिवशी फोटोला हार घालून झाल्यावर वॉर्डातल्या नर्सला एक प्रश्न विचारावा, 'ताई, तुम्हाला काम करायला काय कमी पडतं?' आणि तिनं सांगितलेल्या यादीतली निदान एक गोष्ट पुढच्या १० मार्चच्या आत मिळवून द्यावी.

१८९७ मध्ये त्या मुलाला उचलायला एक पाठ पुढे आली, कारण दुसरं काहीच नव्हतं. आज रुग्णवाहिका आहे, औषध आहे, माहिती आहे. तरीही मूल उचलायला कुणाची तरी पाठ वाकावी लागतेच. त्या पाठीवरचं ओझं थोडं हलकं करणं, एवढं तर आपल्या हातात आहे.